खोदाईच्या इस्टिमेटमध्ये एक बाब वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या याच सदरात एका गृहस्थांचे पत्र आले होते. त्यांचे घर एका संरक्षित स्मारकाजवळ आहे. शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करायचे नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरसाठी परवानगीचे हेलपाटे, या सगळ्याला वैतागून त्यांनी शेवटी विचारले होते, मेलेल्यांच्या खापरांसाठी जिवंतांनी किती दिवस थांबायचे? त्यांचा वैताग खरा आहे. बांधकामातच माझी चौतीस वर्षे गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. थांबलेल्या कामाचे दुखणे मला कोणी समजावून सांगायला नको. तरीही त्यांना उत्तर द्यावेसे वाटले, कारण सध्या ज्या गावात मुक्काम आहे तिथे खापरेही आहेत आणि बांधकामेही जोरात चालू आहेत.

गावाचे नाव कोलचेस्टर. लंडनच्या ईशान्येला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, कोल्न नदीच्या काठी. लेक-जावई इथे नोकरीला आहेत. आम्ही दोघे चार महिन्यांसाठी आलो, आणि पहिले पंधरा दिवस थंडीला शिव्या देण्यात गेले. मग फिरायला लागलो. २०२२ पर्यंत हे कागदोपत्री नगर होते, आता शहराचा दर्जा मिळाला आहे. पण चालत फिरणाऱ्याला ते नगरच वाटते, आपल्या कोल्हापूरच्या पेठा एकत्र केल्याएवढे.

पहिल्याच दिवशी भाजी आणायला गेलो तर वाहनतळाच्या कडेला ही भिंत! गाड्या तिच्याकडे तोंड करून उभ्या. रोमन तट. जाडी अडीच मीटरच्या आसपास. दगडाचे काही थर, मग चपट्या लाल विटांचे चार थर, पुन्हा दगड. वीट आपल्या विटेसारखी नाही, फरशीसारखी रुंद आणि पातळ. सांध्यात चुना. मी नखाने खरवडून पाहिला (सौ. म्हणाली, आता पोलीस येतील), नख झिजले, चुना हलला नाही. आमच्या लहानपणी बैलाच्या घाणीत चुना मळायचे. तो चुना ज्याने पाहिला आहे त्याला या भिंतीपुढे दोन मिनिटे उभे राहावेसे वाटेलच. ब्रिटनमधला हा सर्वांत जुना नगरतट समजतात. इसवी सन ६५ ते ८० च्या दरम्यानचा.

त्या आधी इथे तट का नव्हता, ही गोष्ट माझ्या नातवाने सांगितली. तो इथल्या शाळेत तिसरीत आहे आणि या विषयात आमचा गुरू. इसवी सन ४३ मध्ये सम्राट क्लॉडिअस फौज घेऊन आला. बरोबर हत्तीही होते. तो ब्रिटनमध्ये राहिला जेमतेम सोळा दिवस, पण कामुलोदुनुम, म्हणजे कामुलोस या युद्धदेवाचा गड, हे इथल्या राजांचे ठाणे जिंकून गेला. पाठोपाठ सैन्याची छावणी पडली, आणि सन ४९ मध्ये छावणीच्या जागी निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. तिला ते कोलोनिया म्हणत. कोल्हापुरात ज्या माळावर चार बंगले उभे राहतात त्याला आपण लगेच कॉलनी म्हणतो, तो शब्द मूळचा हा. या माजी सैनिकांनी स्थानिकांच्या जमिनी बळकावल्या, आणि त्याच लोकांच्या पैशाने क्लॉडिअसचे भव्य देऊळ उभारले. टॅसिटस हा रोमन इतिहासकारच लिहून गेला आहे की लोकांना ते देऊळ कायमच्या गुलामीचा बालेकिल्ला वाटे. इंग्रजांच्या गावात, इंग्रज मुलांच्या घोळक्यात उभे राहून हे वाक्य ऐकताना मला जरा हसू आले. का, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

सन ६० किंवा ६१ मध्ये इसेनी टोळीची राणी बूडिका चालून आली. नवरा मेल्यावर रोमनांनी तिचे राज्य गिळले होते, तिला फटके मारले होते, मुलींवर अत्याचार केले होते. गावाला तट नाही. मदत मागितली तर जेमतेम दोनशे माणसे आली. देवळात कोंडून घेतलेले लोक दोन दिवस टिकले. गाव जळून राख झाले. आणि मग तट बांधला. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण रोमनांनाही लागू.

ती राख अजून तिथेच आहे. मध्यवस्तीत कुठेही खोल खणले की एका पातळीवर लाल-काळा थर लागतो. कुडाच्या भिंतींची माती आगीत भाजून विटेसारखी झालेली. काही ठिकाणी हा थर हातभर जाड आहे. संग्रहालयात त्याचा नमुना पाहिला आणि माझ्या पोटात काहीतरी हलले. त्याकडे पुढे येतो.

२०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानाची पुनर्बांधणी चालली होती. बांधकामाआधी कोलचेस्टर आर्किऑलॉजिकल ट्रस्टचे लोक तिथे खणत होते. मुदत संपत आली असताना जळक्या घराच्या जमिनीत एक लहान खड्डा सापडला, आणि खड्ड्यात दागिने. सोन्याच्या बांगड्या, कानातली, अंगठ्या, चांदीची साखळी, नाणी. हल्ल्याची बातमी ऐकून घरच्या बाईने घाईघाईने पुरले असावेत. परत न्यायला कोणी आले नाही. आसपास जळून कोळसा झालेले खजूर, अंजीर, गहू, वाटाणे. दागिने मातीच्या गोळ्यासकट उचलून नेले आणि आत बसून सावकाश सुटे केले. आज किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. सौ. त्या काचेपुढे बराच वेळ उभी होती. सोन्यापेक्षा खजुरांनी तिला जास्त धरले. कुठल्या लांबच्या उन्हातला खजूर या चिखलात आणला, आणि तोंडात टाकायच्या आधी हे झाले, म्हणाली.

किल्ल्याचे सांगतो, कारण तिथे माझ्यातला अभियंता खूश झाला. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०७६ च्या सुमारास तो बांधायला घेतला. तळाला सुमारे ४६ मीटर लांब, ३३ मीटर रुंद. एवढा मोठा कशाला? तर खाली क्लॉडिअसच्या देवळाचे जोते तयार होते. आयत्या बिळावर नागोबा! विटाही रोमन ढिगाऱ्यातल्याच उचलल्या. वाटाड्याबरोबर खाली तळघरात उतरता येते. रोमनांनी चर खणून त्यात चुना आणि दगडाचा माल ओतला, मधल्या पोकळीत वाळू ठोकून भरली, आणि वरून भार घेतला. १६८३ मध्ये एकाने किल्ला पाडून माल विकण्यासाठी विकत घेतला. माथा उतरवला, खालची वाळूही खणून विकली. तोट्यात गेला म्हणून किल्ला वाचला. त्याच्या हावेमुळे आज आपण त्या पोकळीत उभे राहून रोमन पाया आतून पाहतो. आपल्या ठेकेदारांविषयी मी यापुढे थोडे सौम्यपणे बोलेन.

हे नुसते भुयार नसून देवळाचे जोते आहे, हे १९२० मध्ये छापून सिद्ध केले ते मॉर्टिमर व्हीलर यांनी. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते, आणि त्याच काळात इथल्या बाल्कर्न वेशीपाशी त्यांनी खणले होते. नाव वाचून मी दचकलो. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. डॉ. ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना त्यांच्याच हाताखाली मेडन कासल या इंग्लंडमधल्या प्राचीन गडाच्या उत्खननात होते. आणि सांकलियांनी डॉ. मोरेश्वर दीक्षितांना बरोबर घेऊन १९४५-४६ मध्ये कुठे खणले? आमच्या कोल्हापुरात, पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. त्या टेकडीतून सातवाहन काळातली घरे निघाली. तिथेच सापडलेल्या काशाच्या वस्तूंत रोमनांकडून आलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन आहे, वर माणसे बसलेला एक हत्तीही आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्या ठेवल्या आहेत. शाळेची सहल म्हणून मी तिथे गेलो होतो, तेव्हा भुसा भरलेले प्राणी पाहिले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. पोसायडन पाहिल्याचे आठवत नाही. म्हणजे क्लॉडिअसच्या देवळाचा पाया ओळखणारा माणूस आणि माझ्या गावची टेकडी खणणारा माणूस गुरू-शिष्य, आणि हे मला कळायला वयाची सत्तरी आणि विमानाचे तिकीट लागले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते.

संग्रहालयात एका घोडेस्वाराचा थडग्याचा दगड आहे. लोन्गिनुस नाव, थ्रेसच्या घोडदळातला, दुप्पट पगाराचा शिलेदार, मूळ आजच्या बल्गेरियातल्या सोफियाकडचा. वय चाळीस, नोकरी पंधरा वर्षे. घोड्यावर ऐटीत बसला आहे आणि खाली एक उघडा माणूस अंग चोरून पडला आहे. दगड १९२८ मध्ये सापडला तेव्हा स्वाराला चेहरा नव्हता. सगळे म्हणाले, बूडिकाच्या माणसांनी रागाने फोडला. पटण्यासारखेच होते. पुस्तकांत तसे छापले गेले, मुलांना तसे शिकवले गेले. १९९६ मध्ये त्याच जागी पुन्हा खणले आणि चेहरा तिथेच मातीत सापडला. म्हणजे तो फोडला १९२८ च्या मजुरांच्या घावाने, खणताना. अडुसष्ट वर्षे आळ बूडिकावर होता.

नातू ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगत होता. "आबा, तिने नव्हतं केलं! वर्कर्सनी केलं!" मी त्याला बाकावर बसवले आणि स्वतःही बसलो.

कारण १९८४ मधली एक गोष्ट. ते गाव नदीकाठचे आहे, नाव इथे लिहीत नाही. दोन खोल्यांच्या एका सरकारी इमारतीचा पाया खणायचा होता. तीन फुटांवर माती बदलली. राखट, मऊ, मध्ये कोळशाचे कण, आणि मग खापरेच खापरे, आतून काळी बाहेरून लाल. एका कोपऱ्यात अख्खा रांजण बुडाशी शाबूत, आणि जात्याच्या तळीसारखा दगड. मुकादम म्हातारा आणि शहाणा होता. त्याने मला बाजूला बोलावून हातावर एक मातीचा मणी ठेवला आणि विचारले, "सायेब, ह्येचं काय करायचं?"

काय करायचे ते मला माहीत होते. १८७८ चा निखात निधी कायदा खातेअंतर्गत परीक्षेला वाचला होता. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरांना कळवायचे. पण रांजणाची किंमत दहा रुपये भरते का? कळवले तर काम थांबेल. मार्चएंड तीन आठवड्यांवर. निधी परत गेला तर साहेब कुणाला विचारणार? मी म्हणालो, "मुरूम टाक आणि सोलिंग चालू कर." रांजण पहारीने फोडावा लागला, कारण तो पायाच्या रेषेत येत होता. मोजमाप पुस्तकात मी माझ्या हाताने लिहिले, "मऊ मातीतील खोदाई". दर मऊ मातीचा, घनमीटर इतके, सही. मणी वर्षभर टेबलाच्या खणात होता, मग बदलीच्या सामानात कुठे गेला कळले नाही.

मला कोणी पैसे दिले नाहीत, कोणी दबाव आणला नाही. ठेकेदार तर त्या दिवशी साइटवरही नव्हता. गप्प बसणे मला सोयीचे होते एवढेच. आणि माझ्यासारखे किती जण असतील याचा अंदाज मला आहे, कारण निवृत्तांच्या बैठकीत दुसऱ्या चहानंतर अशा गोष्टी निघतात. कुणाला वीरगळ लागला, कुणाला नाणी.

इथल्या शाखा अभियंत्याला गप्प बसायची सोय नाही, आणि विशेष म्हणजे गरजही नाही. १९९० पासून इंग्लंडमध्ये नियोजनाचा नियम असा की जुन्या वस्तीच्या जागी बांधकामाची परवानगी हवी असेल तर आधी चाचणीचे चर खणून पाहायचे. काही लागले तर नीट उत्खनन करायचे किंवा पाया असा आखायचा की खालचे तसेच राहील. खर्च बांधणाऱ्याचा. तो आधीच हिशेबात धरलेला असतो, वेळापत्रकातही त्याचे महिने असतात. म्हणून खापर निघाले की काम "थांबले" असे कोणी म्हणत नाही, काम चालूच असते. अर्थात शेवटी तो खर्च फ्लॅट घेणाऱ्याच्याच माथी बसतो आणि इथले बिल्डरही कुरकुरतात. तेही मी जावयाच्या ओळखीच्या एकाकडून तासभर ऐकले. पण दडवून त्यांचा काही फायदा नसतो. सोने-चांदी सापडले तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कळवायचे, आणि संग्रहालयाने ते घेतले तर बाजारभावाने बक्षीस मिळते, ते सापडवणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. चोरापेक्षा कळवणाऱ्याला जास्त मिळावे, असा साधा हिशेब आहे.

हेही एका दिवसात आलेले नाही. साठच्या दशकात गावात नवे रस्ते आणि बाजारपेठा होणार म्हणून इथल्या लोकांनी १९६३ च्या सुमारास समिती काढली आणि बुलडोझरच्या पुढे-पुढे पळत खणले. त्या समितीचाच पुढे ट्रस्ट झाला. २००४ मध्ये लष्कराच्या जुन्या छावणीत घरे बांधायची होती. ट्रस्टच्या माणसांना तिथे दोन समांतर भिंती मिळाल्या, आणि त्यांचा माग काढला तर ती निघाली सर्कस, म्हणजे रोमनांचे रथांच्या शर्यतीचे मैदान! सुमारे साडेचारशे मीटर लांब, रथ सुटायचे आठ दरवाजे. ब्रिटनमध्ये दुसरी माहीत नाही. घरे बांधायची ती बांधली. अवशेष मातीखाली झाकून जपले, वर जागोजागी खुणा केल्या, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिथे एक छोटे केंद्र उभे केले. वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. गणपतीला पन्नास रुपयांची पावती फाडतात तशी ही पावती.

पोलीस ठाण्याच्या शेजारी, चौकाच्या कडेला, चौथ्या शतकातल्या एका चर्चचा पाया उघडा ठेवला आहे. छप्पर नाही, तिकीट नाही. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, बस पकडायला धावतात. बाल्कर्न वेशीच्या एका अंगावर तर चक्क दारूचे दुकान बसले आहे, नाव "भिंतीतले भोक". तिच्यापुढे व्हिक्टोरियन काळातली पाण्याची अजस्र टाकी. ती बांधली तेव्हा शेजारचा पाद्री वैतागला आणि त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीवरून तिला जम्बो नाव ठेवले. गाव तेच म्हणते. या गावाचा हत्तींशी काही ऋणानुबंध असावा.

तर पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना माझे म्हणणे असे. तुमचा त्रास खापरांमुळे नाही. आपला कायदा घोषित स्मारकाभोवती वर्तुळ काढतो. वर्तुळाच्या आत तुम्हाला परवानगीशिवाय खिडकीही हलवता येत नाही, आणि वर्तुळाबाहेर मी रांजण पहारीने फोडला तरी कोणी विचारत नाही. दोन्ही चूकच. नदीकाठची जुनी गावठाणे, पांढरीची टेकाडे सगळ्यांना माहीत असतात. गावकऱ्यांना तर विचारायचीही गरज नाही, पावसाळ्यानंतर त्यांची पोरे तिथे मणी वेचतात. अशा जागी सरकारी काम निघाले तर इस्टिमेटमध्ये एक बाब वाढवा: पायाखोदाईपूर्वी पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून चाचणी चर आणि नोंद, इतके दिवस, इतके रुपये. दरसूचीत बाब असली की अभियंता ती करतो. दरसूचीत नसलेली गोष्ट तो करत नाही, मग ती कितीही पुण्याची असो. हे मी आमच्या जातकुळीला ओळखून सांगतो. खासगी बांधकामाचे नंतर बघू, आधी सरकारने स्वतःच्या पायापासून सुरुवात करावी.

त्या १९८४ च्या इमारतीविषयी शेवटचे. गेल्या दिवाळीत त्या गावावरून गेलो होतो. स्लॅब गळतो, सळ्या उघड्या पडल्या आहेत, इमारत वापरात नाही. लवकरच पाडतील आणि तिथेच नवी बांधतील. पायाची उत्तरेकडची बाजू तेव्हा मी दीड मीटरवर थांबवली होती, त्याखाली राखट माती तशीच आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात मुकादमाने जात्याची तळी न फोडता बाजूला सरकवून पुरली होती, हे त्याने मला संध्याकाळी सांगितले. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. या विषयातले जाणकार किंवा संबंधित अधिकारी विचारतील तर गावाचे नाव, जागेचा नकाशा आणि माझी सही मी देईन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परत येत आहोत. त्या आधी नव्या इमारतीचे टेंडर निघाले तर कृपया कोणीतरी तेवढे बघावे.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
कोल्हापूर (सध्या मुक्काम कोलचेस्टर, इंग्लंड)